अभ्यास कोणाचा, कोणासाठी?



आपल्या वस्तीत पाहणी करणारे लोक नवीन नाहीत. कोणी खानेसुमारीचा कागद घेऊन येतो, कोणी कॉलेजचा फॉर्म घेऊन येतो. घरात माणसे किती, कमावते किती, संडास आहे की नाही, मुलगी कितवीपर्यंत शिकली, नवरा दारू पितो का, असे प्रश्न विचारले जातात. आपल्या आयाबाया हातातले काम बाजूला ठेवून उत्तरे देतात, वर चहाही करतात. फॉर्म भरून होतो, पाहुणे निघून जातात. त्या कागदाचे पुढे काय झाले, हे सांगायला मात्र सहसा कोणी परत येत नाही.

आज आम्ही या सदरात ह्या कागदाविषयीच बोलणार आहोत. कारण आता असे कागद घेऊन जाणाऱ्यांत आपलीही मुले-मुली आहेत.

ह्या कागदाच्या मागे ज्या विद्या आहेत, त्यांतली एक म्हणजे मानवशास्त्र. माणसे कशी राहतात, लग्ने कशी जमवतात, कोणाच्या हातचे खातात, कोणाला शिवत नाहीत, मेलेल्याला कसा निरोप देतात, हे त्यांच्यात जाऊन, राहून, पाहून लिहून काढणे हे ह्या शास्त्राचे काम. विद्यापीठात हा विषय शिकणाऱ्याला काही दिवस लोकांत जाऊन राहावे लागते. त्याला फिल्डवर्क म्हणतात. हे फिल्ड बहुतेक वेळा गरिबाचे दार असते. आदिवासी पाडा असतो, दलित वस्ती असते, झोपडपट्टी असते. बंगल्याची बेल वाजवून 'तुमच्याकडे कोण किती खातो' असे विचारायला सहसा कोणी धजत नाही.

ह्या शास्त्राने आपल्याशी नेहमीच सरळ व्यवहार केला असेही नाही. इंग्रजी अमलात १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख असलेले हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातील माणसांच्या नाकांची मापे गोळा केली आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. १९०८ साली त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्य मूळचे कोण होते यावरील आपल्या ग्रंथात डॉ. घुर्ये यांनी दिलेली नाकांचीच मापे घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे निरनिराळ्या वंशांचे ठरत नाहीत, असे त्याच आकड्यांवरून दाखवून दिले. मोजपट्टी तीच होती. विचारणारा बदलला म्हणून उत्तर बदलले.

तेव्हा प्रश्न असा आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाने लोकांकडून नुसती माहिती घ्यावी, की त्यांच्या अडचणीला हातही लावावा? आणि हात लावायचा तर ते त्याच्या शिक्षणातच धरावे का? अमेरिकेतील सहा विद्यार्थ्यांनी १९४८ साली हा प्रश्न उभा केला. ती हकिकत आपल्या वाचकांना माहीत असावी असे आम्हांस वाटते.

टामा गावाजवळची वसाहत

अमेरिकेत गोरे लोक पोहोचण्यापूर्वी जे मूळचे रहिवासी होते, त्यांना तिकडे इंडियन म्हणत. त्यांच्या शेकडो जमाती. त्यांतली एक जमात मेस्क्वाकी. त्यांच्या भाषेत ह्या नावाचा अर्थ लाल मातीचे लोक असा होतो. गोरे त्यांना 'फॉक्स' म्हणत. सरकारने करार करून ह्या लोकांना आयोवा प्रांतातून उठवले आणि दूर कॅन्सस प्रांतात धाडले. काही लोक मागे लपून राहिले, काही परत आले. १८५६ साली आयोवाच्या विधिमंडळाने त्यांना राहू देण्याचा कायदा केला आणि १८५७ मध्ये त्यांनी पैसा पैसा जमवून टामा ह्या गावाजवळ ८० एकर जमीन विकत घेतली. आपल्याच पूर्वजांच्या मुलखात त्यांना जमीन विकत घ्यावी लागली! पुढे ते त्यात भर घालत गेले. दान म्हणून सरकारने दिलेली ही जागा नव्हती, घामाच्या पैशाची होती. तरीही आसपासचे गोरे गावकरी म्हणत की हे लोक सरकारी तुकड्यावर जगतात, आळशी आहेत, आणि आज ना उद्या आपल्यात विरघळून नाहीसे होतील. आपल्या वाचकांना ही भाषा अनोळखी वाटणार नाही. सवलतींच्या नावाने आपणही ती ऐकली आहे.

शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक सॉल टॅक्स यांनी तरुणपणी, १९३२ आणि १९३४ साली, ह्याच वसाहतीत राहून तेथील नातेसंबंधांचा अभ्यास केला होता. नेहमीच्या रीतीने ते गेले, त्यांनी टिपणे घेतली आणि परत येऊन लिहिले. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांनी आपले सहा विद्यार्थी तेथे पाठवले. उद्देश साधा होता. मुलांनी फिल्डवर्क कसे करतात ते शिकून यावे.

पण मुले तेथे राहू लागली तेव्हा त्यांना नुसत्या टिपणांनी चैन पडेना. दुसरे महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. मेस्क्वाकी जवान लढून परत आले होते. त्यांच्यातील आठ जवानांनी आपल्या मातृभाषेत लष्कराचे गुप्त निरोप पोहोचवले होते. देशासाठी लढलेली ही माणसे घरी आली तर हाताला काम नाही, आणि त्यांच्या वसाहतीचे पुढे काय करायचे ते दूर वॉशिंग्टनमधील अधिकारी ठरवणार. अशा माणसांसमोर वही उघडून 'तुमच्यात मामाला काय म्हणतात' एवढेच विचारायचे का? विद्यार्थ्यांनी आपल्या गुरूला सांगितले की आम्हांला शिकायचे तर आहेच, पण ह्या लोकांच्या काही उपयोगी पडायचेही आहे.

त्या काळी मानवशास्त्रात हे बसत नव्हते. अभ्यासकाने पाहावे, ढवळाढवळ करू नये, असा दंडक होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. बाहेरचा माणूस 'मी तुमचे भले करतो' म्हणून आला की बरेचदा भले त्याचेच होते. तरीही टॅक्स यांनी विद्यार्थ्यांना थांबवले नाही. त्यांनी ह्या कामाला नाव दिले, ते आपण मराठीत कृतिशील मानवशास्त्र म्हणू. त्याचे दोन हेतू त्यांनी सारख्याच महत्त्वाचे मानले. लोकांना त्यांचे प्रश्न सोडवायला मदत करणे, आणि ते करता करता ज्ञान मिळवणे. त्यांची एक अट होती. निर्णय लोकांचा. लोक चुकीच्या वाटेने जात आहेत असे वाटले तरी हुकूम सोडायचा नाही, कारण आपला निर्णय आपण घेण्यात चुकण्याचा हक्कही येतो.

काय झाले, काय राहिले

हे काम १९४८ ते १९५९ पर्यंत चालले. विद्यार्थ्यांच्या तुकड्या येत राहिल्या. त्यांनी मेस्क्वाकी तरुणांसाठी कॉलेजच्या शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. आसपासच्या गोऱ्यांचे गैरसमज दूर व्हावेत म्हणून वर्तमानपत्रांतून लिहिले. हे लोक फुकटे नाहीत, जमीन त्यांनी विकत घेतलेली आहे, हे समजावून सांगितले. चार्ल्स पुशेटोनेक्वा हे मेस्क्वाकी चित्रकार होते. त्यांची चित्रे फरश्यांवर उतरवून विकण्याचा टामाक्राफ्ट नावाचा एक उद्योगही सुरू झाला.

सगळेच साधले असे आम्ही म्हणणार नाही. शिकागोकर निघून गेल्यावर टामाक्राफ्ट फार काळ तग धरू शकला नाही. टामा गावातच वाढलेले आणि पुढे स्वतः मानवशास्त्रज्ञ झालेले डग्लस फोली यांनी १९९९ साली ह्या सबंध कामाची फेरतपासणी प्रसिद्ध केली आणि त्याच्या मर्यादा दाखवल्या. ज्युडिथ डॉबेनमायर यांनी २००८ साली मेस्क्वाकी लोकांच्या बाजूने हा इतिहास पुन्हा लिहिला. मात्र विद्यार्थ्यांची एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. १९६० साली त्यांच्यापैकीच तिघांनी ह्या कामाचे कागदपत्र एकत्र करून छापले. त्यात नुसता विजयाचा पाढा नाही. पत्रे आहेत, टिपणे आहेत, आपसातले मतभेद आहेत. ज्याला तपासायचे त्याने तपासावे, असे ते काम उघडे ठेवले.

त्या पहिल्या सहांपैकी लिसा पीटी पुढे नामांकित तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि शहर-नियोजनात गरिबांची बाजू कशी मांडावी ह्यावर त्यांनी आयुष्यभर काम केले. रॉबर्ट रीट्झ यांनी शिकागो शहरात पोटासाठी आलेल्या इंडियन लोकांच्या केंद्राचे काम सांभाळले. म्हणजे वसाहतीचे जितके भले झाले, त्याहून विद्यार्थ्यांचे शिक्षण अधिक झाले, असेही कोणी म्हणेल. ते खरे असेल तर अशा विद्यार्थ्यांवर त्या लोकांचे ऋण आहे. शिक्षण मिळाले ते मेस्क्वाकी लोकांच्या अंगणात, हे विसरता येत नाही.

जेव्हा विद्यार्थी आपलाच असतो

ही गोष्ट येथेच संपली असती तर आम्ही ती सांगितली नसती. परक्याच्या चांगुलपणावर किती दिवस विसंबायचे? ज्याचे जळते त्यालाच कळते. पुढची पायरी मूळ रहिवाशांच्या मुलांनी स्वतः गाठली.

१९५६ पासून कोलोरॅडो प्रांतात इंडियन कॉलेज विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग भरू लागले. त्यामागे टॅक्स यांचीही खटपट होती. त्या वर्गांत शिकवणाऱ्यांत रॉबर्ट थॉमस हे चेरोकी जमातीचे, म्हणजे त्यांच्यातलेच, मानवशास्त्रज्ञ होते. आपल्या लोकांवर राज्य कसे केले जाते हे मुले तेथे पुस्तकातून आणि स्वतःच्या अनुभवातून शिकली. जून १९६१ मध्ये शिकागो विद्यापीठात सुमारे ९० जमातींचे चारशेहून अधिक लोक जमले आणि आमचे आम्ही ठरवू, असे सांगणारा जाहीरनामा त्यांनी तयार केला. तो १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हाती देण्यात आला. ह्या परिषदेत थोरांच्या सावध भाषणांनी अस्वस्थ झालेले क्लाइड वॉरियर, मेल थॉम यांच्यासारखे तरुण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोत एकत्र आले आणि त्यांनी स्वतःची युवक परिषद स्थापन केली. १९६४ साली वॉशिंग्टन प्रांतातील जमातींबरोबर ही परिषद नदीत उतरली. करारात मासेमारीचा हक्क दिलेला असताना पोलीस जाळी जप्त करत होते. लोकांनी उघडपणे मासे धरले आणि अटक ओढवून घेतली. हा लढा दहा वर्षे चालला. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी करार मानून माशांच्या निम्म्या वाट्याचा हक्क जमातींचा ठरवला.

नदीतले मासे असोत की तळ्यातले पाणी असो, आपल्या वाचकांना येथे महाड आठवल्यावाचून राहणार नाही. आणि आठवावेच, कारण मानवशास्त्राचा वर्ग आणि चवदार तळे ह्यांच्यामध्ये एक सरळ वाट आहे.

टामाच्या वसाहतीत ते सहा विद्यार्थी गेले त्याच्या ३२ वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या वर्गात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि वाढ. तो विद्यार्थी म्हणजे आपले बाबासाहेब. जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मूळ आहे, असे त्यांनी त्यात दाखवले. सती, विधवेवर लादलेले वैधव्य आणि बालविवाह ह्या चाली धर्माचे भूषण म्हणून गौरवल्या जात. जात बंदिस्त ठेवण्यासाठीच त्या लागल्या, हे त्यांनी उलगडून सांगितले. स्त्रीला कोंडल्याशिवाय जातीला कडी लागत नाही, ही गोष्ट त्यांनी एका वर्गातल्या निबंधात मांडली.

परीक्षेचा निबंध परीक्षेपुरता, असे त्यांनी केले नाही. २० मार्च १९२७ रोजी ते महाडच्या तळ्यावर गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. १९३६ साली जातिनिर्मूलनावरील भाषणात त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हणून सांगितला आणि त्याआड येणाऱ्या शास्त्रांचे प्रामाण्य मोडा, असे बजावले. वीस वर्षांपूर्वी वर्गात सांगितलेल्या निदानावरचेच हे औषध होते. म्हणून १९४४ साली त्या भाषणाची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा १९१६ चा निबंध तिच्यात गुंफण्याचा आपला मनोदय होता, पण वेळाअभावी ते जमले नाही, असे त्यांनी प्रस्तावनेत लिहिले. अभ्यास आणि कृती एकाच पुस्तकात बांधावी, अशी त्यांची इच्छा होती.

मार्क आणि माणसे

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येऊ. मानवशास्त्र हा विषय आपल्याकडे मोजक्याच विद्यापीठांत आहे. पण लोकांत जाऊन काम करण्याची अट आता त्या विषयापुरती उरलेली नाही. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहेच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आपल्या राज्यातील पदवीच्या अभ्यासक्रमांत फिल्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडणारे उपक्रम आले असून त्यांना क्रेडिट, म्हणजे मार्कांचे मोल, मिळते.

हे चांगले की वाईट? आमचे मत असे की सामाजिक काम अभ्यासक्रमात यावे. फावल्या वेळातली समाजसेवा ज्याला फावला वेळ आहे त्यालाच परवडते. सकाळी दुकानात काम करून दुपारी कॉलेज गाठणाऱ्या मुलाला, घरचे पाणी भरून लेक्चरला पळणाऱ्या मुलीला मार्कांशिवाय शिबिराला जाणे जमत नाही. मग समाजसेवा खात्यापित्या घरातल्या मुलांची आणि समाज आमचा, असे होते. कामाला मार्क असतील तर आपली मुलेही त्यात उतरू शकतील. वस्तीची जी जाण त्यांना घरबसल्या आहे, ती विद्यापीठात प्रथमच विद्या म्हणून मोजली जाईल.

पण धोकाही त्यातच आहे. सेमिस्टर चार-पाच महिन्यांचे. मुलांना घाई, शिक्षकांना घाई. मग एक दिवस झाडू मारायचा, फोटो काढायचा, अहवाल दुसऱ्याच्या अहवालावरून उतरवायचा आणि मार्क घ्यायचे. ह्यात विद्यार्थी फसवायला शिकतो आणि वस्तीच्या पदरात काहीच पडत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, काही विद्यार्थी एका वस्तीत नळाचे पाणी हा विषय घेऊन आले. नळ किती वाजता येतो, किती वेळ चालतो, हे नगरपालिकाही लिहू शकेल. पण पाणी भरायला कोण उठते, कोणत्या बाईचा त्यापायी खाडा होतो, कोणती मुलगी शाळेला उशिरा पोहोचते, कोणाची घागर मागे सरकवली जाते, हे लोकांत राहिल्याशिवाय कळत नाही. ते कळवून घेणे हे मानवशास्त्राचे बळ. महिनाभराची अशी नोंद झाली की ती मराठीत, सोप्या भाषेत, महिला मंडळापुढे वाचून दाखवावी. पुढे काय करायचे ते बायांनी ठरवावे. त्या म्हणतील अर्ज करू. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर नगरपालिकेकडे माहिती मागता येते आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते दहा रुपयेही लागत नाहीत. तो अर्ज लिहायला विद्यार्थ्यांनी शिकवावे. किंवा त्या म्हणतील, पाण्याचे राहू द्या, आधी संडासाच्या दाराला कडी लावून घ्या. तर विषय बदलावा लागेल. विद्यार्थ्याने ठरवून आणलेला विषय लोकांनी बदलला, तर त्याचे मार्क कापू नयेत, वाढवावेत. लोकांचे ऐकले ह्याचा त्याहून मोठा पुरावा कोणता?

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी विसरू नये. विद्यार्थी सेमिस्टर संपले की जातो. अर्जावर सही करणारी बाई तेथेच राहते. दादाचा, ठेकेदाराचा, गावच्या पाटलाचा राग तिला सोसायचा असतो. म्हणून पुढे कोणी व्हायचे आणि किती व्हायचे हे तिने ठरवायचे, उत्साही पोरांनी नाही.

तेव्हा आमची आपल्या वाचकांना विनंती आहे. उद्या कोणी कॉलेजचा फॉर्म घेऊन आपल्या दारी आले, तर त्याला चहा जरूर द्या, पोर शिकते आहे. पण चार गोष्टी विचारा. हा विषय कोणी ठरवला? आमचे नाव छापणार का, आणि नको असेल तर वगळणार का? लिहिलेले आम्हांला मराठीत वाचून दाखवायला कधी येणार? तुम्ही गेल्यावर हे काम कोण पाहणार? उत्तर पटले नाही तर नाही म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. शिकलेल्या माणसाला नाही म्हणणे म्हणजे शिक्षणाचा अपमान नव्हे.

आणि आपल्या मुला-मुलींना सांगायचे ते असे. तुम्हांला प्रोजेक्ट मिळाला तर सोपा म्हणून दुसऱ्याचा उतरवू नका. आपली वस्ती, आईचे काम, आजीने पाहिलेला गाव, मामाची गिरणी हे सगळे अभ्यासाचे विषय आहेत. मास्तरांना विचारा की ह्यातून लोकांना काय परत जाईल. वर्गात असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी थोडा नकोसा होतो, हे आम्हांस ठाऊक आहे. टामाच्या त्या सहांनाही तो विचारावा लागला होता. लिहून झाले की वहीची एक प्रत विहारात ठेवा. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी तेच प्रश्न घेऊन आला, तर त्याला ती दाखवा आणि म्हणा, इथपर्यंत झाले आहे, आता इथून पुढे चल.

जयभीम.